जुना रेडिएटर गाडीला लावायच्या आधी आतून साफ कसा करायचा, फियाटवर केलेलं सगळं सविस्तर

आमच्या घरी वडिलांची १९८७ ची प्रीमियर पद्मिनी आहे, कागदावर पद्मिनी पण घरात सगळे तिला फियाटच म्हणतात, आणि तिच्या रेडिएटरची जाळी दोन वर्षांपूर्वी कायमची गेली. तीनदा झाळ (सोल्डर) लावून झाली होती, चौथ्यांदा रेडिएटरवाल्यानेच हात टेकले. नवीन चांगला तांब्या-पितळेचा रेडिएटर या गाडीला सहज मिळत नाही, म्हणून कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून वापरलेला आणला. ही गाडी बनायची पण कुर्ल्यातच त्यामुळे तिचं सामान अजून तिकडे निघतं, शिवाय मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्या भंगारात जात गेल्या तसे त्यांचे पार्टही बाजारात आले.

आता मुद्द्याचं सांगतो. पहिल्या वेळी मी तो रेडिएटर बाहेरून पाण्याचा पाईप मारून, आतून दोन बादल्या पाणी फिरवून सरळ बसवला. वरून छान काळा रंग मारलेला होता, गळत नव्हता, म्हटलं झालं. पंधरा दिवसांनी खंबाटकी घाटात तापमानाचा काटा लालमध्ये गेला. रेडिएटरला वर-खाली दोन टाक्या आणि मधे चपट्या नळ्या असतात, उघडून बघितलं तर वरच्या टाकीत नळ्यांच्या तोंडावर तपकिरी-पांढरे पापुद्रे बसलेले, मिठाच्या खड्यासारखे. झालं असं की आत जुना क्षार होता तो कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) टाकल्यावर आणि गाडीच्या हादऱ्याने सुटला, खालच्या टाकीतून पंपाने ओढला, इंजिनमधून फिरून वर आला आणि वरून नळ्यांच्या तोंडाशी येऊन अडकला. म्हणजे रेडिएटरमधला कचरा रेडिएटरमध्येच राहत नाही, तो आधी तुमच्या इंजिनची फेरी मारतो. म्हणून साफसफाई ही जमिनीवर, गाडीच्या बाहेर, बसवायच्या आधीच करायची. बसवल्यावर "फ्लश" (आतून धुवायचं केमिकल) टाकून बघू असं करू नका, निदान वापरलेल्या रेडिएटरच्या बाबतीत तरी नको.

घेतानाच काय बघायचं

टोपी काढून मोबाईलचा टॉर्च आत मारायचा. वरच्या टाकीतून नळ्यांची चपटी तोंडं दिसतात, ती मोजता आली पाहिजेत. पातळ पांढरा थर असेल तर चालतो, तो निघतो. चहाच्या रंगाचा गंज असेल तर तोही बऱ्यापैकी निघतो. पण पिवळा लगदा दिसला तर समजा कोणीतरी गळती बंद करायला हळद टाकली होती, आपल्याकडे ड्रायव्हर लोकांचा हा जुना उपाय आहे, रस्त्यात अडकल्यावर घरी पोचायला ठीक आहे पण हळद नंतर नळ्यांमध्ये घट्ट बसते आणि कुठल्याही ऍसिडला विरघळत नाही. स्टॉप-लीकच्या, म्हणजे गळती बुजवायच्या तयार औषधाच्या, बाटल्यांचंही तेच. असा रेडिएटर मिळाला तर तो रेडिएटरवाल्याकडे टाकी उघडूनच साफ होतो, घरी नाही, तेव्हा किंमत त्या हिशोबाने करा.

तिसरी गोष्ट म्हणजे बोट आत घालून टाकीच्या कडेला फिरवा, बोटाला साय लागल्यासारखं किंवा चिकट तेलकट लागलं तर त्या गाडीचं हेड गॅस्केट (इंजिनमधलं तेल आणि पाणी वेगळं ठेवणारा सील) गेलेलं असणार. तेलाचा थर आधी काढल्याशिवाय ऍसिड आतल्या क्षारापर्यंत पोचतच नाही, हे पुढे सांगतो.

बाहेरून जाळीची पानं, म्हणजे नळ्यांमधले पातळ पत्रे, नखाने हलकेच दाबून बघा. वाकली तर चांगली, भुगा होऊन पडली तर तो रेडिएटर परत ठेवा, कारण नळीची उष्णता हवेत टाकायचं काम ही पानंच करतात आणि ती नळीपासून सुटली की रेडिएटर आतून आरशासारखा असला तरी उपयोग शून्य. सांध्यांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पावडर दिसली तर तिथून कधीतरी पाणी झिरपलेलं आहे, ती जागा लक्षात ठेवा. काळा रंग ताजा असेल तर थोडं जास्तच नीट बघा.

आणि धातू कोणता आहे हे नक्की करा, याच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. टाकीवर चाकूने कोपऱ्यात ओरखडा काढा. पिवळं दिसलं तर पितळ, म्हणजे आत नळ्या पितळेच्या, पानं तांब्याची आणि सगळं झाळेने जोडलेलं. चंदेरी दिसलं तर ऍल्युमिनियम. टाक्या काळ्या प्लॅस्टिकच्या असतील आणि कडेने पत्र्याच्या दातांनी दाबून बसवल्या असतील तर जाळी ऍल्युमिनियमचीच असते. चुंबकाने काही कळत नाही, दोघांनाही चिकटत नाही.

काय वापरायचं नाही

हे आधी सांगतो कारण इथेच नुकसान होतं. कॉस्टिक सोडा ऍल्युमिनियमला लावायचा नाही, तो धातूच खातो आणि वर हायड्रोजन गॅस सुटतो जो पेट घेतो. संडास साफ करायचं ऍसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, ते कुठल्याच रेडिएटरला नको, ऍल्युमिनियम तर मिनिटात खराब होतं आणि पितळेच्या रेडिएटरमध्ये झाळ आणि पातळ नळ्या कमजोर करतं. "पाच मिनिटात चकाचक" असं कोणी म्हणत असेल तर तो हेच ऍसिड वापरतोय. चकाचक होतो हे खरं, पण पुढच्या पावसाळ्यात दहा जागी घाम फुटतो. आणि ऍसिड आणि ब्लीच कधीही एकत्र आणू नका, विषारी क्लोरीन निघतो.

मी वापरतो सायट्रिक ऍसिड, लिंबूसत्व म्हणून किराणा दुकानात मिळतं, फार महाग नाही. व्हिनेगरही चालतं पण ते बरंच लागतं आणि वेळ जास्त घेतं.

बाहेरची सफाई

मोकळ्यावर पडलेल्या रेडिएटरच्या तोंडात, जिथे होज पाईप बसतो तिथे, आधी काडी घालून बघा, कुंभारीण माशी मातीचं घर करते. माझ्या दुसऱ्या रेडिएटरच्या खालच्या तोंडात दोन इंच कडक माती निघाली. ती कोरडीच कोरून काढायची, पाणी टाकलंत तर चिखल होऊन आत जाईल. मग आडवा झटकून, उलटा करून, जे सुटं आहे ते पाडायचं.

जाळी धुताना पाणी इंजिनच्या बाजूने समोरच्या बाजूकडे मारायचं, म्हणजे हवा ज्या दिशेने येते त्याच्या उलट, तेव्हा किडे आणि फुफाटा आला तसा बाहेर पडतो. समोरून मारलंत तर मधे जाऊन अजून घट्ट बसतो. तेल आणि धूळ मिळून काळी पेंड झाली असेल तर गरम पाण्यात भांड्याचं लिक्विड टाकून ते शिंपडायचं, अर्धा तास भिजू द्यायचं, मग मऊ ब्रशने पानांच्या दिशेने, उभं असेल तर उभंच, आडवा ब्रश मारला की पानं झोपतात. सर्व्हिस स्टेशनचा प्रेशरवाला पाईप जवळून मारू नका, एका फटक्यात हातभर पानं आडवी होतात. झोपलेली पानं बोथट पातळ पट्टीने एकेक उभी करता येतात, कंटाळवाणं काम आहे पण करा, संध्याकाळचा तास जातो फक्त.

आतली सफाई

पहिल्यांदा साधं पाणी, आणि उलट्या बाजूने. टोपी बंद करून खालच्या तोंडाला बागेचा पाईप लावायचा, भोवती जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला की बसतो, आणि वरच्या तोंडातून पाणी बाहेर येऊ द्यायचं. गाडीत पाणी वरून खाली जातं त्यामुळे कचरा नळ्यांच्या वरच्या तोंडांवर बसलेला असतो, उलट पाण्याने तो सुटून वर निघतो. नळाचा साधा जोर पुरे, वॉशिंग पंप नको. दहा मिनिटं चालू द्या, मधे मधे रेडिएटर हलवा, उलटा करून ओता, परत लावा. खाली पांढरं फडकं किंवा जुनी चहाची गाळणी धरा म्हणजे काय निघतंय ते दिसतं, आणि निघालेलं बघितल्यावर पुढची मेहनत करायची इच्छा आपोआप होते.

तेलकट असेल तर इथेच थांबून गरम पाण्यात, उकळतं नाही, हात जेमतेम सहन होईल इतपत, भांड्याचं लिक्विड दोन-तीन चमचे टाकून भरायचं, अर्धा तास ठेवायचं, हलवायचं, ओतायचं. फेस आणि पाणी पिवळट यायचं बंद होईपर्यंत परत परत. मला चार वेळा करावं लागलं.

आता ऍसिड. दोन्ही तोंडं बंद करायची, मी जुन्या होज पाईपचा वीतभर तुकडा प्रत्येक तोंडाला क्लिपने लावतो आणि दुसऱ्या टोकाला लाकडाची खुंटी ठोकून वर अजून एक क्लिप. टोपी मात्र उघडी ठेवायची, कारण क्षार विरघळताना कार्बन डायऑक्साइड निघतो, फसफस करून वर येतं, बंद केलंत तर दाब तयार होईल. पितळेच्या रेडिएटरला १ लिटर कोमट पाण्याला साधारण ८० ते १०० ग्रॅम लिंबूसत्व. ऍल्युमिनियमला निम्म्याहून कमी, ३०-४० ग्रॅम, आणि २०-३० मिनिटांच्या वर नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवून मगच ओता, घरातलं भांडं वापरू नका, आणि हातात रबरी मोजे, डोळ्याला चष्मा.

भरल्यावर कान लावला तर चुरचुर आवाज येतो, ते क्षार विरघळतायत. पितळेला मी एका वेळी दीड-दोन तास ठेवतो, मधे दोनदा डुलवतो, मग ओतून पूर्ण धुवून परत ताजं मिश्रण. एकाच पाण्यात रात्रभर ठेवायचा मोह होतो, सगळे सांगतात पण तसं, पण दोन कारणांसाठी करू नका. एक म्हणजे सुटलेला चुना सायट्रेट होऊन पांढऱ्या गाळासारखा परत खाली बसतो आणि नळ्यांमध्येच राहतो. दुसरं, क्षार संपला की ऍसिड धातूकडे वळतं. ताज्या मिश्रणातही फसफस अजिबात नाही, पाणी मात्र निळसर-हिरवं व्हायला लागलं, किंवा पितळ आतून गुलाबी दिसायला लागलं, म्हणजे आता तांबं-पितळ खाल्लं जातंय, लगेच ओता. माझ्या रेडिएटरला तीन वेळा भरावं लागलं, बोअरच्या पाण्यावर वर्षानुवर्षं चाललेला असणार तो. आपल्याकडे बोअरचं पाणी किती जड असतं ते घरातल्या गिझरची कॉइल बघितली की कळतं, रेडिएटरमध्ये तेच होतं, आणि तो थर उष्णता तांब्यापेक्षा शेकडो पटीनं कमी वाहतो.

निघालेलं पाणी कुठे टाकायचं हा प्रश्न खरंच महत्त्वाचा आहे. जुन्या झाळेत शिसं असतं, ते थोडं या पाण्यात उतरतं. बागेत, विहिरीजवळ, गटारात, जनावरं पितील तिथे ओतू नका. मी कॅनमध्ये भरून खायचा सोडा टाकून फसफस थांबेपर्यंत शांत करतो, त्याने आम्लपणा जातो पण शिसं जात नाही, म्हणून कॅनवर मोठ्या अक्षरात लिहून बंद ठेवतो आणि ओळखीच्या गॅरेजच्या केमिकल कचऱ्याबरोबर देतो. रेडिएटरमधून जुनं कूलंट निघालं तर त्याची काळजी अजून जास्त, ते गोड लागतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

शेवटी रेडिएटरमध्ये बादलीभर पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घालून भरायचा, दहा मिनिटं ठेवायचा, मग स्वच्छ पाण्याने उलट-सुलट पाच-सहा वेळा. ऍसिड गेलं का हे बघायला शेवटचं पाणी वाटीत घेऊन चिमूटभर सोडा टाका, बुडबुडे आले तर अजून आहे, परत धुवा. आणि अगदी शेवटचं धुणं बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर घेऊन करा, नाहीतर त्याच बोअरच्या पाण्याचे थेंब आत वाळतात.

साफ झाला का, हे कसं ओळखायचं

खालचं तोंड तळहाताने दाबून रेडिएटर काठोकाठ भरा आणि हात एकदम काढा. पाणी धबधब्यासारखं, तोंड भरून पडलं पाहिजे. नळाची धार पडावी तसं पडलं तर नळ्या अजून बंद आहेत. दुसरी परीक्षा मला जास्त भरवशाची वाटते, रेडिएटर उभा करून खालचं तोंड बंद ठेवून वरून चांगलं गरम पाणी पटकन भरा आणि लगेच जाळीवर तळवा फिरवा, ज्या पट्ट्या गार लागतील त्या नळ्या बंद. खडूने खूण करा. विसातली एखादी गार असेल तर मी सोडून देतो, पण एखादा कोपराच गार असेल किंवा चार-पाच पट्ट्या सलग असतील तर परत ऍसिड टाकत बसण्यात अर्थ नाही.

अशा वेळी रेडिएटरवाल्याकडे जायचं, पण फक्त पितळेचा असेल तर. तो वरची-खालची टाकी झाळ वितळवून काढतो आणि चपट्या लांब सळया एकेका नळीतून घालून काढतो, याला तिकडे रॉडिंग म्हणतात. शक्य असेल तर समोर उभं राहून करून घ्या आणि ऍसिडच्या हौदात बुडवू नका असं स्पष्ट सांगा. माझं काम ज्या चाचांनी केलं त्यांनी टाकी उघडल्यावर मला बोलावून नळ्यांमधून आरपार उजेड दाखवला, असा कारागीर मिळाला तर दोन पैसे जास्त द्या. प्लॅस्टिक टाकीवाल्या ऍल्युमिनियमला हे परवडत नाही, दात उघडून परत बसवले की रबर गॅस्केट क्वचितच नीट बसतं, त्याला बंद नळ्या असतील तर नवीनच घ्या.

गळतीची परीक्षा साफसफाईच्या नंतर करायची, आधी नाही, कारण कधी कधी क्षारच भोक बुजवून बसलेला असतो. दोन्ही तोंडं बंद, टोपी बसवलेली, एका खुंटीत सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून टाका आणि रेडिएटर पाण्याच्या टबात बुडवून हातपंपाने हवा भरा. टोपीवर जो आकडा लिहिलेला असतो, उदाहरणार्थ ०.९ (बार) म्हणजे हवेच्या पंपावरचे साधारण १३ पीएसआय, त्याच्या वर जायचं नाही, जुन्या गाड्यांना तर त्याहून कमीची टोपी असते. कॉम्प्रेसर सरळ लावू नका, रेडिएटर फुगून फाटतो. पाच मिनिटं थांबून बुडबुडे कुठून येतात बघा, पाणी पुसून मार्करने खूण करा आणि तिथे झाळ लावून घ्या. एम-सील वगैरे तात्पुरतं आहे, गरम-गार होऊन सुटतं.

बसवताना

होज पाईप, क्लिपा, टोपी आणि पाणी सोडायच्या तोटीचा वॉशर नवीन घ्या, हे जुनं ठेवून वाचतात ते पैसे नंतर टोईंगला जातात. तोंडांच्या कडा बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा म्हणजे पाईप नीट धरतो.

आणि रेडिएटर धुतला पण इंजिन तसंच ठेवलं तर आठवड्यात परत तेच. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून इंजिनच्या ब्लॉकमधून उलटं पाणी सोडा, स्वच्छ येईपर्यंत. नंतर थर्मोस्टॅट परत बसवायचा, आपल्या हवेत त्याची गरज नाही असं सांगून बरेच मेकॅनिक काढून टाकतात, माझं मत नाही, इंजिन गार चालतं तेव्हा पेट्रोल जास्त खातं आणि झीजही होते. तरीही थोडा कचरा येणारच, म्हणून वरच्या होज पाईपच्या रेडिएटरकडच्या टोकाला बायकांच्या नायलॉन मोज्याचा तुकडा गाळणीसारखा घालून वरून क्लिप आवळायची आणि पहिले ३०-४० किलोमीटर गावातल्या गावात गाडी चालवायची, काट्यावर लक्ष ठेवून. घाटात त्यासकट जायचं नाही. गार झाल्यावर काढा. माझ्या तुकड्यात चमचाभर गंज निघाला, तो सगळा नव्या धुतलेल्या नळ्यांवर बसला असता. हा मोजा काढायचं विसरायचं नाही, स्टेअरिंगला चिठ्ठी लावून ठेवा.

हे पहिले किलोमीटर नुसत्या डिस्टिल्ड पाण्यावर करा, मग ते सोडून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं भरा. तयार मिश्रण आणलं असेल तर त्यात पाणी टाकायचं नाही. दोन वेगळ्या प्रकारची कूलंट एकत्र करू नका, रंग सारखा म्हणजे माल सारखा असं नसतं. टोपी उघडी ठेवून इंजिन चालू करा, हवेचे बुडबुडे निघतील तशी पातळी खाली जाईल, भरत राहा, वरचा पाईप गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला, मग टोपी लावा. त्यानंतर इंजिन गरम असताना टोपीला हात लावायचा नाही, वाफेने तोंड भाजतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना परत पातळी बघायची, पहिल्या दिवशी अर्धा पेला तरी कमी होतेच, तेवढं भरायचं आणि आठवडाभर रोज सकाळी बघत राहायचं.